स्वयंपाकघरातील कपाटे आणि यतना

हिंगणघाटात घराचे नूतनीकरण निघाले की कपाटांसाठी प्रथम सागवान आठवते. ते स्वाभाविकच; बल्लारशाह फार दूर नाही आणि २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी तेथूनच सागवान गेले. तथापि संपूर्ण कपाट सागवानी असण्याची आवश्यकता नसते. दारे व चौकटी सागवानी आणि आतील खण आय.एस. ७१० चिन्हांकित प्लायवूडचे, ही विभागणी व्यवहार्य ठरते. सिंकखाली मात्र स्वस्त पार्टिकल बोर्ड टाळावा; तो ओलाव्याने फुगतो. ओल तेथे वाळवी व झुरळे. मग औषधफवारणी, म्हणजेच हिंसा. कपाट पायांवर चार इंच उंच, भिंतीपासून किंचित सुटे आणि आतून कोरडे ठेवावे. जीव मारण्याचा प्रसंगच येऊ न देणे, हीच खरी यतना.