इस्तंबूलहून ऊद मागवला, त्याचा हिशेब

ऊद म्हटलं की आपल्या घरांत आधी आठवतो तो धुपाचा वास. आमच्या भाच्याने मोबाईलवर 'ऊद' शोधलं तेव्हा पहिली दहा-पंधरा चित्रं अत्तराच्या बाटल्यांचीच आली. त्याला हवं होतं ते वाद्य. तुर्की मालिका बघून बघून त्याच्या मनात भरलेलं, पोट फुगीर, मान आखूड, खुंट्यांचा भाग मागे वळलेला. अरबीत ऊद म्हणजे लाकूड, म्हणून अत्तराचं आणि वाद्याचं नाव एकच. युरोपातलं ल्यूट हे नावही या 'अल-ऊद'वरूनच गेलेलं आहे.

वाद्य वाजवावं की नाही यावर आपल्याकडे मतभेद आहेत, ते आम्हाला माहीत आहेत. दफापुढे न जाणारी घरं आहेत आणि कव्वालीची पेटी पिढ्यान्पिढ्या सांभाळणारीही आहेत. तो निर्णय ज्याच्या-त्याच्या घरचा. आम्ही इथे सांगतोय ते पैशाचं आणि कागदांचं, कारण त्यात आम्ही चुकलो.

भाच्याने दीड वर्ष पगारातून बाजूला टाकून पैसे जमवले होते. इस्तंबूलच्या एका विक्रेत्याकडे 420 डॉलरचा ऊद त्याने पसंत केला. पाठवणावळ 130. विक्रेता बोलायला गोड. म्हणाला, "काळजी करू नका, आम्ही डब्यावर किंमत कमी लिहितो, गिफ्ट लिहितो, तुम्हाला ड्यूटी लागणार नाही." भाचा आमच्याकडे आला, "मामू, हे बरं ना?" आणि आम्हीही मान हलवली. चूक आमची तिथेच झाली.

झालं असं. डिसेंबर 2019 पासून आपल्याकडे टपाल किंवा कुरिअरने 'गिफ्ट' म्हणून माल मागवायची मुभा बंद आहे. जीवरक्षक औषधं आणि राखी तेवढी सोडली आहे. ऑनलाइन विकत घेतलेली वस्तू गिफ्ट कशी होईल? पार्सल मुंबईत अडकलं. कस्टम्सने बिल मागितलं, बँकेचं स्टेटमेंट मागितलं, ओळखपत्र मागितलं. डब्यावर 60 डॉलर आणि स्टेटमेंटवर 550. भाच्याचा चेहरा उतरला. खरी किंमत धरून आकारणी झाली, कुरिअरने आपले हाताळणीचे पैसे वर लावले, आणि बारा दिवस डबा जून महिन्यातल्या गोदामात पडून राहिला.

ड्यूटी कशी लागते ते एकदा समजून घ्या. वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा हे तिन्ही मिळून जी रक्कम होते तिच्यावर सीमाशुल्क. त्या सगळ्या बेरजेवर पुन्हा जीएसटी. म्हणजे पाठवणावळीवरही कर भरावा लागतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दर बजेटात बदलत राहतात, म्हणून पैसे पाठवायच्या आधी कुरिअर कंपनीला फोन करून आजचा दर विचारा. कार्डावर बँक परकीय चलनाचा अधिभार लावते तो वेगळा. आणि कार्डाचा आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी ॲपमधून सुरू करावा लागतो, नाहीतर ऐनवेळी पैसे जातच नाहीत.

विक्रेत्याला आणखी एक सांगायचं. डब्यावर नुसतं 'ऊद' लिहू नको. अगरच्या लाकडाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, उगाच घोळ कशाला? 'तंतुवाद्य' असं स्पष्ट इंग्रजीत आणि मालाच्या वर्गवारीचा आकडा 9202 (दफ असेल तर 9206) लिहायला लावा. लाकूड कोणतं तेही विचारा. शिसवीच्या जातीची लाकडं 2017 पासून निर्बंधांच्या यादीत आहेत. तयार वाद्यांना 2019 च्या नोव्हेंबरपासून त्यातून सूट मिळाली, पण ब्राझीलच्या शिसवीला ती सूट नाही. जुन्या ऊदांवर कासवाच्या पाठीचं किंवा हस्तिदंताचं नक्षीकाम असतं. ते दिसायला कितीही सुंदर असलं तरी घेऊ नका, जप्त होईल. दफ मागवणाऱ्यांनी कातडं कोणत्या जनावराचं हे लेखी विचारावं. बहुधा बकरीचंच असतं, पण विचारलेलं बरं. आपल्या पावसाळ्यात तर कृत्रिम पडद्याचा दफच टिकतो, कातडं ओलसर हवेत ढिलं पडतं.

आता डबा उघडल्यावर काय झालं. ऊदाचं पोट लाकडाच्या पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेलं असतं. त्यातल्या दोन पट्ट्यांमधला सांधा बोटभर उकलला होता. तारा पूर्ण ताणलेल्या तशाच पाठवलेल्या. ऊदाची घोडी तबलीवर चिकटवलेली असते, सगळा ताण तिच्यावर येतो, म्हणून प्रवासाआधी तारा सैल करतात. विक्रेत्याने ते केलं नव्हतं. विम्याचा दावा करायला गेलो तर कळलं की विमा डब्यावर लिहिलेल्या किमतीचाच. 60 डॉलरचा. त्यातही बाहेरच्या डब्याचे फोटो आम्ही काढले नव्हते, उघडताना व्हिडिओ घेतला नव्हता. वाद्य परत पाठवायचं तर तिकडची पाठवणावळ आपली, आणि भरलेली ड्यूटी हातात परत येणं जवळजवळ अशक्य. ज्या थापेने चौदा-पंधरा हजार वाचतील असं वाटलं, तिने ते वाचलेच नाहीत आणि वर विमाही गेला.

वाद्य निवडतानाही नीट बघायला हवं. फोटोवर जाऊ नका. तुमचाच ऊद, तोच, वाजवून दाखवणारा व्हिडिओ मागा. मानेच्या बाजूने डोळा लावून घेतलेला फोटो मागा, म्हणजे मान पुढे झुकली आहे का ते कळतं. मान आणि पोट जिथे जुळतं तिथे तारा पट्टीपासून किती मिलिमीटर उंच आहेत, ते मोजपट्टी ठेवून दाखवायला सांगा. फार उंच असतील तर बोटं दुखतील आणि सूर वरखाली होतील. ऊदाला सतारीसारखे पडदे नसतात, सगळं बोटाच्या अंदाजावर. तुर्की ऊद आकाराने जरा लहान, तारेची वाजती लांबी साधारण साडेअठ्ठावन्न सेंटिमीटर. अरबी ऊदाची एकसष्टच्या आसपास. दोघांच्या तारांचे संच वेगळे. तारा बहुतेक अकरा, पाच जोड्या आणि एक एकटी. जास्तीचे दोन संच आणि मिजराब त्याच डब्यात मागवा, कारण पुढे एकेका संचासाठी पुन्हा तीच पाठवणावळ आणि तोच कर भरावा लागतो.

पैसे शक्यतो विक्रीच्या संकेतस्थळामार्फत कार्डानेच द्या. "थेट खात्यावर पाठवा, दहा टक्के कमी करतो," असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. कार्डाचा व्यवहार बँकेकडे तक्रार करून आव्हान देता येतो, खात्यावर पाठवलेल्या पैशाच्या मागे कोण धावणार?

आखातातून कोणी घरी येत असेल तर त्याच्या हातूनही आणता येतं. सामानाची करमाफी ठरावीक रकमेपर्यंत असते, खरं बिल जवळ ठेवायचं. फक्त विमानाच्या पोटात टाकायचं झालं तर कडक पेटी हवीच, कापडी पिशवीतून आलेल्या ऊदाची मान शाबूत राहिली तर नशीब समजा.

आमचा ऊद शेवटी मिरजेला गेला. सतार आणि तंबोऱ्यासाठी 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं हेच ते गाव, आणि तिथली कारागिरी कित्येक पिढ्या शिकलगार घराण्यांच्या हातात आहे. ज्या चाचांकडे नेला त्यांनी ऊद कधी दुरुस्त केला नव्हता. उलटा-सुलटा करून बघितला, पोटावर टिचकी मारली आणि म्हणाले, "बेटा, लाकूड चांगलंय. आत्ता ओलं झालंय, चिकटवलं तर परत सुटेल. दिवाळीनंतर आण, हवा कोरडी पडू दे." तोवर तारा सैल करून, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून तो कपाटात ठेवला होता. नोव्हेंबरात सांधा बसला. मजुरी नऊशे रुपये.

भाचा आता रोज मगरिबनंतर अर्धा तास वाजवतो. पुढच्या वर्षी धाकटीला दफ हवा आहे, आणि यावेळी बिलावर खरी किंमत लिहायला तिनेच आधी सांगून ठेवलंय.