आधी अंगाचे माप, मग पैशाचे!
(ट्रायथलॉनच्या वेटसूटविषयी थोडेसे)

पुणे-नाशिक रस्त्यावर मोशी मागे पडली की चाकणच्या अलीकडे कुरुळी लागते. एकेकाळचे हे शेतीचे गाव आज कारखान्यांनी आणि गोदामांनी वेढले आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून पोटासाठी आलेली कुटुंबे इथे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्यांची मुले पाळी सांभाळून व्यायाम करतात, धावतात, सायकल चालवतात. त्यांच्यातल्या काहींच्या तोंडी हल्ली 'ट्रायथलॉन' हा शब्द ऐकू येतो. आधी पोहायचे, मग सायकल चालवायची आणि शेवटी धावायचे, अशी ही तिहेरी शर्यत. तिचा एक अतिशय कठीण प्रकार म्हणजे 'आयर्नमॅन'. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे, सारे एकाच दिवसात! पहिली आयर्नमॅन १९७८ साली हवाई बेटांवर झाली. अभिनेते मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, पन्नाशीला टेकले असताना, स्वित्झर्लंडच्या झुरिकमध्ये ती पूर्ण केली. तेव्हापासून हे नाव आपल्या घरोघरी पोहोचले.

या शर्यतीची तयारी करणारा तरुण सायकलीनंतर ज्या वस्तूसाठी खिशात हात घालतो ती म्हणजे वेटसूट, म्हणजेच पोहताना घालायचा रबरी पोशाख. साधा घेतला तरी कंत्राटी कामगाराचा महिन्याचा पगार त्यात जातो. म्हणून या खरेदीविषयी चार गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात असे आम्हाला वाटले.

वेटसूट म्हणजे काय?

निओप्रीन हे कृत्रिम रबर अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत १९३० साली तयार झाले. १९५२ साली ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने पाणबुड्यांसाठी त्याचा पोशाख करून पाहिला. या रबरात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असतात आणि तेच अंगाची ऊब धरून ठेवतात. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते. त्यामुळे थंड पाण्यात तासभर राहायचे तर या रबराचा मोठा आधार वाटतो. सूट आणि कातडी यांच्यामध्ये पाण्याचा पातळसा थर शिरतो, तोही अंगाच्या उबेने कोमट होतो. मात्र सूट ढिला असेल तर हे कोमट पाणी सारखे बाहेर जाते, थंड पाणी आत येते आणि सगळा खर्च वाया जातो.

दुसरा उपयोग तरंगण्याचा. आपल्याकडे गावच्या विहिरीत पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकलेले लोक पुष्कळ आहेत. वेटसूटही डब्यासारखाच शरीराला वर उचलतो. ज्याचे पाय पोहताना खाली जातात, त्याला तर तो फारच मदत करतो. पण डबा बांधला म्हणजे पोहणे आले असे होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

गोव्याला जाणार असाल तर थांबा

खरेदीच्या आधी पहिला प्रश्न विचारायचा तो पाण्याचा. २०१९ साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर 'आयर्नमॅन ७०.३' ही अर्ध्या अंतराची शर्यत प्रथम झाली. महाराष्ट्रातल्या बहुतेकांना तीच जवळची. पण गोव्याचा समुद्र कोमट, तिथे वेटसूटचे कामच नाही. आयर्नमॅनच्या नियमानुसार पाणी २४.५ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तरच तो घालून बक्षिसाच्या स्पर्धेत राहता येते आणि पाणी २८.८ अंशांच्या वर गेले की तो घालायलाच मनाई असते. मग गोव्यासाठी तो का घ्यायचा? हॅम्बुर्गसारख्या थंड पाण्याच्या ठिकाणी जायचे ठरले तरच त्याचा विचार करावा. जाडीलाही मर्यादा आहे. ५ मिलिमीटरपेक्षा जाड रबर शर्यतीत चालत नाही.

आणखी एक. पुण्याचे रोहन मोरे यांनी जगातल्या सात अवघड खाड्या पोहून पार केल्या आणि २०१८ साली 'ओशन्स सेव्हन' पूर्ण करणारे ते पहिले आशियाई जलतरणपटू ठरले. त्या प्रकारच्या पोहण्यात वेटसूट चालत नाही. साधा पोहण्याचा पोशाख, टोपी आणि चष्मा, बस्स! तेव्हा सूट नाही म्हणून कोणी स्वतःला कमी समजू नये.

घरच्या घरी माप

सूट लागणारच असेल तर शिंप्याकडची टेप घ्या आणि घरातल्या माणसाकडून माप घ्या. स्वतःचे माप स्वतः घेतले की टेप हमखास तिरकी जाते. पुढील मापे कागदावर लिहून ठेवा.

१) छाती : काखेखालून, सर्वांत भरलेल्या भागावर. श्वास रोखून छाती फुगवू नका.
२) कंबर आणि नितंब.
३) उंची आणि वजन : आजचे. 'शर्यतीपर्यंत पाच किलो कमी करीन' हे नको.
४) धड : मानेच्या मागच्या हाडापासून पाठीवरून जांघेपर्यंत.
५) मान.

प्रत्येक कंपनीचा मापांचा तक्ता वेगळा असतो. एकीचा 'मीडियम' दुसरीचा 'स्मॉल' निघतो. म्हणून शर्टाच्या नंबरावरून सूट मागवू नये. तुमची मापे दोन नंबरांच्या मध्ये पडली तर उंचीपेक्षा छातीला आणि वजनाला अधिक मान द्या. पाय-बाह्या बोटभर आखूड असल्या तरी चालते. छाती आवळलेली मात्र चालत नाही.

शरीर जसे, सूट तसा

उंच आणि सडपातळ माणसाला नंबर उंचीवरून दिला की सूट पोटावर, पाठीवर फुगतो. काही कंपन्या अशांसाठी लांबट नंबर काढतात, तो मागावा.

बुटक्या, भरदार बांध्याच्या माणसाला छातीवरून नंबर घेतला की पाय आणि बाह्या लांब होतात. घाबरू नका. बऱ्याच कंपन्यांचे सूट घोट्याकडून थोडे कापता येतात. फक्त कापण्याआधी कंपनीच्या सूचना वाचा. पोटऱ्या जाड असतील तरीही हा उपाय कामी येतो आणि सायकलीकडे पळताना सूट लवकर निघतो.

रुंद खांद्याच्या माणसाने खांद्याकडचे रबर पाहावे. चांगल्या ट्रायथलॉन सूटमध्ये छाती-मांड्यांवर ३ ते ५ मिलिमीटर आणि खांद्या-बाह्यांवर दीड-दोन मिलिमीटर रबर असते. पाणबुड्यांचे किंवा सर्फिंगचे सूट खांद्याला ताठ असतात, हात फिरवून फिरवून दंड भरून येतात. स्वस्त मिळाला म्हणून तसला घेऊ नये. फारच अवघडत असेल तर बिनबाह्यांचा सूटही मिळतो. त्यात ऊब थोडी कमी, पण हात मोकळे राहतात.

पोट सुटलेल्या गृहस्थांनी कमरेच्या मागची खोलगट जागा तपासावी. पोटावर नीट बसलेला सूट तिथे पोकळ राहतो आणि त्या पोकळीत पाणी साचते.

भगिनींसाठी निराळ्या कापाचे सूट असतात, छातीला आणि नितंबाला जागा ठेवलेले. परंतु ज्यांचे खांदे रुंद आणि कंबर सरळ आहे त्यांना पुरुषी कापाचा सूट अधिक चांगला बसू शकतो. भरल्या अंगाच्या कित्येक मुली 'आपल्या मापाचे काही मिळतच नाही' म्हणून खेळ सोडून देतात. आमचे त्यांना सांगणे एवढेच की, ब्लाऊज बसला नाही तर आपण शिंप्याला परत करतो, अंगाला नावे ठेवत नाही. हे तक्ते बहुतेक परदेशी अंगावरून बेतलेले असतात. दोष तक्त्याचा, तुमच्या शरीराचा नव्हे.

घालून पाहण्याची रीत

नखे कापा, अंगठ्या-बांगड्या उतरवा. पायात प्लॅस्टिकची पिशवी घालून पाय आत सारला की तो सहज सरकतो. नखांनी खेचू नका, बोटांच्या पेरांनी धरा. आधी घोटे, मग गुडघे, मग जांघ. जांघेत सूट पूर्ण वर आल्याशिवाय बाह्यांना हात लावू नये. खांदे ओढले जातात अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा सूट खालीच राहिलेला असतो. पाठीची चेन दुसऱ्याकडून लावून घ्यावी.

आता तपासा. जमिनीवर तो जरा तंगच वाटायला हवा, पाण्यात गेल्यावर थोडा सैलावतो. दोन्ही हात डोक्यावर न्या, पोहल्यासारखे फिरवा, उकिडवे बसा. काखेत, कमरेत चुण्या पडत असतील तर सूट मोठा. खोल श्वास घेताना छाती अडत असेल, गळा दाबल्यासारखा वाटत असेल तर सूट लहान. धडाची लांबी कमी पडत असेल तर कितीही सवलत मिळो, परत करा. धुतल्याने रबर सैल होत नाही.

हे आम्ही एवढ्या आग्रहाने का सांगतो? अमेरिकेतील अभ्यासात असे दिसले आहे की, ट्रायथलॉनमधले बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात होतात. ते सूटमुळेच होतात असे कोणी म्हणणार नाही, त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा असतो. परंतु थंड पाण्यात पडताच श्वास आधीच आखूड होतो. त्यात भोवती शेकडो हातपाय आणि छातीवर आवळलेले रबर असले की घाबरगुंडी उडते. तसे झाले तर उताणे व्हा, गळ्याजवळचे रबर बोटाने ओढून थोडे पाणी आत घ्या आणि हात वर करून मदतीच्या होडीला बोलवा. होडीला धरून थांबण्यास नियमाने मुभा असते, तिच्या आधाराने पुढे मात्र सरकायचे नसते. चाळिशी ओलांडलेल्यांनी सूटच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जावे.

काही व्यवहाराच्या गोष्टी

मंडळाने वर्गणी काढून सर्वांसाठी एकच सूट घेण्याचा विचार कोणाच्या मनात येईल. सायकलीची सीट वरखाली करता येते, सूटचे तसे नाही. तो ज्याच्या मापाचा त्याचाच. त्यापेक्षा एकाच शर्यतीसाठी जाणाऱ्याने भाड्याने मिळतो का याची चौकशी करावी, किंवा आपल्याच बांध्याच्या जुन्या स्पर्धकाकडून वापरलेला घ्यावा. वापरलेला घेताना शिवणी ताणून पाहाव्यात आणि नखांच्या चिरा शोधाव्यात.

शर्यतीच्या दिवशी नवा सूट प्रथमच घालणे म्हणजे नव्या चपलेने दिंडीला निघणे. आधी दोन-चारदा तो घालून पोहावे. पण महापालिकेच्या तलावात, उन्हाळ्यात, फार वेळ नको, अंग तापून चक्कर येते. इंद्रायणीची आजची अवस्था पाहता तिथे उतरण्याचा प्रश्नच नाही. धरणाच्या पाण्यात परवानगीशिवाय आणि एकट्याने कधीही जाऊ नये.

मान घासू नये म्हणून खेळाडूंसाठी मिळणारे मलम लावावे. व्हॅसलीनसारखे पदार्थ रबराला बाधतात. वापरून झाल्यावर सूट साध्या पाण्यात धुवा, उलटा करून सावलीत वाळवा. तारेवर चिमटे लावून टांगू नका. आपल्या पत्र्याच्या खोल्या उन्हाने भट्टीसारख्या तापतात, म्हणून पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. खालच्या फळीवर, घडी न दाबता ठेवा.

पाणी किती थंड आहे आणि आपले अंग कसे आहे, या दोन गोष्टी टेप आणि थर्मामीटर सांगतात. दोन्ही मिळून शे-दोनशे रुपयांत येतात. ते सांगतील ते आधी ऐकावे. घामाचा पैसा मोजण्याची वेळ त्यानंतरची.