खो-खोची विश्वस्पर्धा

दिवाळी उलटली, कपाशीची वेचणी सुरू झाली आणि हवेत गारवा आला, की वऱ्हाडातील शाळांच्या मैदानांना जाग येते. पावसाळाभर पायाला चिकटणारी काळी माती आता वाळून टणक झालेली असते. तिच्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा उमटतात, दोन टोकांना दोन खांब रोवले जातात, आणि अमरावती असो वा अकोला, शाळा सुटण्याच्या सुमारास एकच आरोळी कानी पडू लागते : ‘खो!’ या खेळाला ना चेंडू लागतो, ना फळी, ना जाळे. अशा या बिनखर्ची खेळाची पहिली विश्वस्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस भरली. तिच्यात पुरुषांचे वीस देशांचे संघ उतरले होते. मातीतला हा खेळ इतक्या दूरवर पोहोचला कसा, हे समजण्यासाठी आधी त्याची खुबी समजली पाहिजे.

खो-खोत पळणारा गडी मोकळा असतो. तो मध्यपाटी ओलांडू शकतो, बसलेल्या दोन गड्यांमधून निसटू शकतो, वाटेल तेव्हा मागे फिरू शकतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र यांपैकी काहीच करता येत नाही. एकदा ज्या दिशेने तो निघाला, त्याच दिशेने त्याला खांबापर्यंत गेले पाहिजे. मध्यपाटी तर त्याने ओलांडावयाचीच नाही. मग असा बांधलेला माणूस मोकळ्या माणसाला पकडणार कसा? येथेच या खेळाची सारी गंमत आहे. त्याचे आठ सोबती मध्यपाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले असतात. त्यांपैकी कोणाच्याही पाठीला हात लावून ‘खो’ म्हणताच तो उठतो आणि आपल्या तोंडासमोरच्या बाजूने धाव घेतो. खो देणारा त्याच्या जागी बसतो. एकट्याचे पाय जेथे थकतात, तेथे दुसऱ्याचे ताजे पाय कामी येतात. पळणारे तीन-तीनच्या तुकडीने मैदानात येतात, हुलकावण्या देतात, बसलेल्यांच्या भोवती साखळी घेतात. बसलेल्याने मात्र खो मिळण्यापूर्वी जागा सोडावयाची नाही. समोरून गडी हातभर अंतरावरून जात असता स्वस्थ बसून राहणे हे धावण्याहून कठीण आहे, हे ज्याने एकदा अनुभवले असेल त्याला सांगावयास नको.

हा खेळ फार जुना आहे; परंतु जुन्या काळी गावोगावी तो आपापल्या परीने खेळला जाई. मैदानाला ठराविक माप नव्हते आणि मध्यपाटीच्या टोकांना खांबही नव्हते. अशा खेळात दोन गावांचा सामना म्हणजे भांडणाला आमंत्रणच! १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम बांधण्याचे काम हाती घेतले आणि १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने नियम छापून प्रसिद्ध केले.

त्याच १९१४ साली अमरावतीस अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी एक आखाडा काढला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने सर्व देशास ठाऊक झाला. १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा या मंडळाच्या खेळाडूंनी तेथे जाऊन हुतूतू, खो-खो, मल्लखांब असे आपले खेळ जगाला करून दाखविले. ज्या काळी युरोपास जाणे म्हणजे आगबोटीचा काही आठवड्यांचा प्रवास, त्या काळी वऱ्हाडातील तरुणांनी केलेले हे धाडस आहे.

परंतु बर्लिनला खो-खोला प्रेक्षक मिळाले, प्रतिस्पर्धी मिळाला नाही. तो खेळ जाणणारा दुसरा देशच तेथे नव्हता. पाठलाग करणारे अमरावतीचे आणि पळणारेही अमरावतीचेच! प्रात्यक्षिक एका संघाने होते. स्पर्धेला दुसरा हवा. हा दुसरा मिळविण्यात फार वर्षे गेली. इतर खेळांनाही थांबावे लागलेच. इंग्लंडमधील हॅरो येथील शाळेत मुलांनी भिंतीवर चेंडू मारता मारता एकोणिसाव्या शतकात स्क्वॉश निर्माण केला. त्यातील व्यावसायिक पुरुषांची खुली विश्वस्पर्धा १९७६ मध्ये सुरू झाली, आणि ऑलिंपिकचे दार तर त्यास २०२८ सालासाठी उघडले. खो-खोची राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्यास सुरू झाली, आशियाई अजिंक्यपद स्पर्धा १९९६ मध्ये कोलकात्यास झाली. २०२२ मध्ये व्यावसायिक संघांची ‘अल्टिमेट खो-खो’ ही स्पर्धा निघाली आणि खेळाडूंना खेळातून मोबदला मिळू लागला.

तोवर खेळाचे रूपही पालटले होते. मातीची जागा मॅटने घेतली. मॅटवर सूर मारला तर ढोपर सोलवटत नाही. पण असे मॅट किती शाळांत असणार? नव्या पद्धतीत एक गडी बाद केला की दोन गुण मिळतात, आणि पळणाऱ्यांची तुकडी तीन मिनिटांहून अधिक टिकली तर तिच्याही खात्यात गुण पडू लागतात. ‘वजीर’ नावाच्या गड्याला तर कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा असते. जुन्या जाणत्यांना हे सारेच रुचलेले नाही.

दिल्लीच्या स्पर्धेत ब्राझील आणि पेरू येथून आलेले गडीही पाठीवर हात पडताच ‘खो’ ऐकून उठत होते. भारताचा कर्णधार महाराष्ट्राचा प्रतीक वाईकर होता. पहिल्याच सामन्यात नेपाळने भारतास चांगलेच झुंजविले. भारत ४२-३७ असा जेमतेम पाच गुणांनी निभावला. १९ जानेवारीस अंतिम सामन्यात पुन्हा तोच नेपाळ समोर उभा राहिला. या वेळी भारताने ५४-३६ असा विजय मिळविला. त्याच दिवशी प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली मुलींनीही नेपाळलाच नमवून आपली विश्वस्पर्धा जिंकली. बर्लिननंतर एकोणनव्वद वर्षांनी खो-खोला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळाला होता, आणि तो शेजारच्याच घरातून आला होता.