चांद्रमोहिमांविषयीच्या शंका आणि त्यांचे मूळ

१९६९ सालच्या जुलै महिन्याच्या २० तारखेस अमेरिकेचे अपोलो ११ हे यान चंद्रावर उतरले. भारतात तेव्हा २१ जुलैची मध्यरात्र उलटली होती. १९७२ अखेरपर्यंत अशा ६ मोहिमा सफल होऊन एकंदर १२ मानव चंद्रभूमीवर वावरून आले. असे असूनही, हा सारा देखावा पृथ्वीवरच एखाद्या स्टुडिओत उभारून चित्रित केला गेला, असे मानणारे लोक आजही आहेत. मोबाइलवरील चित्रफितींच्या द्वारे ही शंका खेड्यातील शाळेपर्यंत पोहोचते, आणि 'गुरुजी, चंद्रावर वारा नाही, मग झेंडा फडकला कसा?' असे एखादा मुलगा विचारतो.

हा प्रश्न वेडगळ खचित नव्हे. चंद्रावर हवा नाही, हे त्या मुलाने ध्यानात ठेविले आहे. वस्तुतः झेंडा खाली लोंबू नये म्हणून त्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातलेली होती. ती पुरती ताणली गेली नाही व कापडास चुण्या राहिल्या. काठी जमिनीत फिरवून रोवताना कापड हलले. आणि हालचालीस अडविणारी हवाच नसल्याने ते अधिक वेळ हलत राहिले. आकाशात तारे दिसत नाहीत, हा दुसरा आक्षेप. उन्हाने उजळलेल्या भूमीचे छायाचित्र घेताना कॅमेऱ्याचे झाकण क्षणार्धच उघडते. तेवढ्यात ताऱ्यांचा मंद प्रकाश उमटत नाही. जत्रेतील झगझगीत दिव्यांखाली उभे राहून वर पाहणारासही तारे दिसत नाहीतच.

म्हणजे शंकेचे बीज पृथ्वीवरील खऱ्या अनुभवात असते. तो अनुभव मात्र निराळ्या ठिकाणी लावला जातो. पण एवढ्याने ती इतकी वर्षे टिकली नसती. रॉकेटची इंजिने बनविणाऱ्या एका कंपनीत पूर्वी लेखनकाम केलेल्या बिल केसिंग यांनी १९७६ साली या आरोपाचे पुस्तक स्वतःच छापून काढले. त्यापूर्वी दोनच वर्षे, वॉटरगेट प्रकरणामुळे अमेरिकेच्या अध्यक्षांस पायउतार व्हावे लागले होते. व्हिएटनामच्या युद्धाविषयीही सरकारने सत्य दडविल्याचे उघड झाले होते. सरकार एकदा खोटे बोलले, तेव्हा येथेही बोलले असेल, हा तर्क लोकांस सहज पटला. त्यात, इतरांस न कळलेले गुपित आपणास उमगले, हा आनंद काही लहान नव्हे.

अशा मताची खोड अशी की, पुरावा दाखविला तर तोही कटाचाच भाग ठरतो. अपोलो ११, १४ व १५ या मोहिमांनी चंद्रावर ठेविलेल्या परावर्तकांवर पृथ्वीवरून लेसर किरण सोडतात व ते सुमारे अडीच सेकंदांत परत येतात. आणलेले दगडमातीचे ३८२ किलोग्रॅम नमुने अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी तपासले. ज्या सोव्हिएट संघास ही लबाडी उघडकीस आणण्यात सर्वाधिक लाभ होता, त्याने मोहीम खोटी असल्याचा दावा केला नाही. पक्क्या अविश्वासूस यातले काहीच पटत नाही. त्याच्याशी वाद घालण्यात शिक्षकाचा वेळ व्यर्थ जातो.

वर्गातील मूल मात्र तसे नसते. त्यास हसून गप्प बसविले, तर गुरुजींपाशी उत्तर नाही एवढेच ते शिकते व चित्रफितीकडे परतते. सावल्या एकमेकींस समांतर का नाहीत, असे त्याने विचारल्यास शाळेच्या अंगणात दोन सारख्या काठ्या उभ्या रोवाव्यात. एक सपाट जागी, दुसरी उताराशेजारी. सूर्य एकच असूनही, थोडे दूर बाजूस उभे राहून पाहता सावल्यांच्या दिशा भिन्न भासतात. हा प्रयोग सकाळी शाळा भरताना करावा. दुपारी सावल्या आखूड होऊन फरक नजरेत भरत नाही.