कॅमेऱ्याच्या सूचना

आजोबांच्या पंचाहत्तरीचा समारंभ चालला आहे. दूरदूरचे आप्त जमले आहेत. आणि छायाचित्रें घेणाऱ्या नातवाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर एकाएकीं शब्द उमटतात, 'कार्ड एरर. फॉरमॅट करावें काय?' घाबऱ्या मुलाचें बोट 'होय'कडे वळतें. असा प्रसंग कोणावरही येण्याजोगा आहे. म्हणून ह्या सूचनांचा अर्थ आधींच जाणून ठेवणें हिताचें होय.

प्रथम हें ध्यानांत धरावें, कीं प्रत्येक सूचना म्हणजे बिघाड नव्हे. 'कार्ड लॉक्ड' असें दिसल्यास कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर काढावें. एसडी कार्डाच्या कडेस एक लहानशी खिट्टी असते. ती 'लॉक'च्या बाजूस सरकली असली म्हणजे कार्डावर नवें चित्र उमटत नाहीं. उलट सरकवितांच काम सुरू होतें. थरथरणाऱ्या हाताची खूण दिसली, तर प्रकाश अपुरा असून चित्र हलण्याचा संभव आहे; अशा वेळीं कॅमेरा तिवईवर अथवा मेजावर टेकवावा.

कांहीं सूचना सांकेतिक असतात. कॅननच्या कॅमेऱ्यावरील 'एरर ०१' म्हणजे भिंग व कॅमेरा ह्यांमधील विद्युत्-संपर्क नीट होत नाहीं. भिंग उतरवून त्याच्या मागील धातूच्या टिकल्या स्वच्छ, मऊ व कोरड्या फडक्यानें पुसाव्या. निकॉनवर 'एफ-ई-ई' लुकलुकूं लागलें, तर जुन्या पद्धतीच्या भिंगावरील छिद्राचें कडें सर्वांत मोठ्या आंकड्यावर आणावें.

आतां त्या नातवाकडे वळूं. त्यानें 'नाहीं' म्हणावें, हेंच उत्तम. परंतु 'होय' म्हटलें गेलें, तरी सर्वस्व बुडालें असें समजूं नये. साध्या फॉरमॅटनें बहुधा चित्रें पुसलीं जात नाहींत. केवळ त्यांची अनुक्रमणिका नाहींशी होते. अनुक्रमणिका फाटली, तरी पुस्तकाचीं पानें राहतातच. मात्र त्याच कार्डावर पुन्हा चित्र घेतल्यास जुन्या पानांवर नवें लिहिलें जातें आणि तीं कायमचीं जातात. म्हणून तें कार्ड तत्काळ काढून, मघांचीच खिट्टी 'लॉक' करून, जपून ठेवावें व दुसरें कार्ड घालावें. पुढें जाणत्याकडून संगणकाच्या साह्यानें चित्रें परत मिळविण्याचा यत्न करतां येतो. कार्ड काढतांना मात्र कॅमेऱ्यावरील लहान दिवा लुकलुकत नाहीं, हें पाहावें. तो चालू असतां चित्र कार्डावर लिहिलें जात असतें.

कॅमेरा बिघडला, तर दुसरा विकत घेतां येईल. पण आजोबांची पंचाहत्तरी पुन्हा येणार नाहीं. यास्तव सूचना दिसतांच बटन दाबूं नये. आधीं ती वाचावी.