संगणकाचा पोटखराबा

द्वितीय वर्ष कला

गेल्या हंगामात सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर आबांनी मला एक जुना संगणक घेऊन दिला. महाविद्यालयाची पायरी चढलेला आमच्या घरातला मी पहिलाच, त्यामुळे घरादाराला त्याचे मोठे अप्रूप! पावतीवर 'मेमरी ४ जीबी' असे लिहिले होते. घरी येऊन पाहतो तो पडद्यावर '४ जीबी, पैकी वापरण्याजोगी ३.२४'. पाऊण जीबी गेली कुठे? दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी दुकानदाराला नाही नाही ते बोललो. त्याने मुकाट्याने झाकण उघडून दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या दाखवल्या. "माल पुरा आहे. कमी का दिसतो, ते मला सांगता येणार नाही," एवढेच तो म्हणाला.

ते कारण मी नंतर शोधले. तेच येथे सांगतो.

मेमरी म्हणजे असंख्य खण. प्रत्येक खणात एक बाइट मावते आणि प्रत्येक खणाला क्रमांक असतो. प्रोसेसर खणाला क्रमांकानेच हाक मारतो. माझ्या संगणकातली विंडोज ७ ही ३२ बिटांची, म्हणजे क्रमांकात ३२ जागा, आणि प्रत्येक जागी शून्य किंवा एक. असे एकूण क्रमांक होतात ४,२९,४९,६७,२९६. हेच ते ४ जीबी.

हिशेब जुळला असे वाटते, पण मेख पुढेच आहे. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, संगणक सुरू करणारी बायोसची चिप यांनाही याच क्रमांकांनी हाक मारावी लागते. त्यांना दिलेले क्रमांक मेमरीला मिळत नाहीत. घर उभे आहे, पण त्याला क्रमांकच नाही; मग पोस्टमन पत्र टाकणार कुठे?

ही अडचण जुनीच आहे. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीत क्रमांक होते १०,४८,५७६, म्हणजे १०२४ केबी. त्यांतले ६४० केबी प्रोग्रॅमसाठी, आणि उरलेले ३८४ पडदा, बायोस इत्यादींसाठी राखीव.

दुसरेही एक कारण असते. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते, तेथे पडद्यावरच्या चित्रासाठी मुख्य मेमरीतलाच काही भाग काढून ठेवतात.

हे सारे आबांना सांगितले, तेव्हा ते हसले. "आरं, सातबाऱ्यावर पाच एकर हाय म्हणून पाची एकरांत पेरतो व्हय आपण? वढा, वाट, पोटखराबा जातोच की!" मी चार दिवस ज्यासाठी डोके फोडले, ते त्यांना एका शब्दात कळले.

तेव्हा मित्रहो, मेमरी कमी दिसली तर आधी बायोसचा पडदा पाहा. तेथे चाराऐवजी दोनच जीबी दिसत असतील, तर एखादी पट्टी सैल बसली असेल किंवा बिघडली असेल. तेथे पुरे चार असतील, तर तो पोटखराबा समजावा. प्रोसेसर व मदरबोर्ड तशा क्षमतेचे असतील, तर ६४ बिटांची प्रणाली घातल्यावर बिनक्रमांकाच्या खणांना ४ जीबीच्या पुढचे क्रमांक मिळतात आणि बरीचशी मेमरी परत येते. चित्रासाठी काढून ठेवलेला भाग मात्र तसाच राहतो.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी त्या दुकानात गेलो, माफी मागितली आणि कमी का दिसते ते त्याला समजावून सांगितले. त्याने चहा मागवला. "आता गिऱ्हाईक भांडायला आलं, तर मला सांगता येईल," तो म्हणाला.