खराऱ्याला वार नसतो

सोमाटणे फाट्याच्या आसपास भातखाचरांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या, तसा इथला कुत्राही बदलला. पूर्वी तो राखणीचा, आखूड केसांचा. अंगणात झोपायचा आणि अंग झटकले की स्वच्छ. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' मधला पांढरा टफी घराघरांत ओळखीचा झाला, आणि आता चौथ्या मजल्यावरून गोल्डन रिट्रीव्हर खाली डोकावतो. "काका, याला आंघोळ किती दिवसांनी घालायची हो?" दोन कुत्री सांभाळलेला माणूस म्हणून हा प्रश्न मला जिन्यातच गाठतो.

आंघोळ निराळी, निगा निराळी. बैल रोज कुणी धुवत नाही, पण जाणता शेतकरी खरारा चुकवत नाही. कुत्र्याचेही तसेच. आखूड केसांना आठवड्यातून एकदोनदा ब्रश पुरे. लांब केसांना जवळजवळ रोज, नाहीतर कानामागे आणि काखेत गुठळ्या होतात. आंघोळ महिन्या-दीड महिन्याने, किंवा स्वारी चिखलात लोळून आली तर. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ आणि कमी आम्लधर्मी. आपल्या शांपूने तिचे तेल जाते नि खाज मागे लागते. उन्हाळ्यात स्पिट्झला भादरण्याचे खूळ तर नकोच. ती लव त्याला उन्हापासूनही राखते.

मावळात खरी परीक्षा पावसाची. जून ते सप्टेंबर अंग नीट वाळत नाही. ओल्या केसांखाली कातडी चिघळते, लोंबत्या कानांत बुरशी धरते. पाऊस सरला की गवतात कुसळे आणि गोचीड. या दिवसांत फिरून आल्यावर मी रोज केसांतून बोटे उलटी फिरवतो: कान, मान, पायाच्या बेचक्या. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल, जळती काडी नको. कारण तिच्यामार्फत एर्लिकिया, बाबेसिया रक्तात शिरतात. शेजारच्या इमारतीतला जर्मन शेफर्ड आठवडाभर नुसता 'सुस्त' होता. दर रविवारी आंघोळ व्हायची, पण केसांत बोट कुणी घातले नव्हते. नाकातून रक्त आले तेव्हा डॉक्टर गाठला; हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. वाचला, पण महिनाभर औषध चालले.

राहिली नखे. फरशीवर टकटक ऐकू आली की कापायची वेळ झाली. काळ्या नखात आतली शीर दिसत नाही, तेव्हा थोडे थोडेच कापावे.